मुलाने एकदाच सांगावे: बाल अत्याचाराच्या तपासात पोलिसांचे काम कोणते, सोशल वर्करचे कोणते?

उत्तरा

मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. एखाद्या मुलाबद्दलची शंका घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता पुढे काय होईल?" आणि लगेच दुसरा: "पोलिसांकडे जायलाच हवं का? एखाद्या संस्थेतल्या ताईंना सांगून भागणार नाही का?"

भारतातल्या कायद्यापुरतं उत्तर सरळ आहे. लैंगिक अत्याचार असेल तर भागणार नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्याने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवायलाच हवं. न कळवणं हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. स्वतः मुलावर मात्र हे बंधन नाही.

पण कळवल्यानंतर सगळं पोलिसांवर सोपवून बाकीच्यांनी घरी जायचं, हेही चूक आहे. धागा त्यासाठीच काढला.

पोलिसांपुढचा प्रश्न असा: काय घडलं, कुणी केलं, आणि ते न्यायालयात टिकेल का? सोशल वर्करपुढचा प्रश्न वेगळा: हे मूल आज रात्री कुठे झोपणार, तिथे त्याला कुणाची भीती आहे, त्याची आई त्याच्या बाजूने उभी राहणार का, आणि पुढच्या आठवड्यात ते शाळेत जाणार का? पहिला प्रश्न झालेल्या गोष्टीचा, दुसरा होणाऱ्या गोष्टीचा. दोन्ही खरे, दोन्ही तातडीचे. आणि दोघांनाही उत्तर हवं असतं ते एकाच लहान माणसाकडून.

तिथेच घोटाळा होतो. मूल आधी आईला सांगतं. मग वर्गशिक्षिकेला, मुख्याध्यापकांना, ठाण्यात जबाब घेणाऱ्यांना, डॉक्टरांना, बाल कल्याण समितीला (मुलाच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी समिती), न्यायदंडाधिकाऱ्यांना. आणि बऱ्याच काळाने, विसरावंसं वाटत असताना, कोर्टात. दर वेळी नवा चेहरा, दर वेळी "सुरुवातीपासून सांग बाळा". पाचव्या वेळी मूल एक तर गप्प होतं, नाही तर मोठ्यांना जे ऐकायचं आहे ते बोलू लागतं. दोन्हींत नुकसान मुलाचंच.

माझं म्हणणं एवढंच: दोन्ही खात्यांनी आपलं काम सोडू नये, दुसऱ्याचं करू नये, पण मुलाला एकदाच बोलायला लावावं. इथे पोलिसात काम केलेले, परदेशात बालसंरक्षणात असलेले सभासद आहेत. कृपया लिहा. कुठल्याही मुलाची ओळख पटेल असं काही लिहू नका, गाव किंवा शाळाही नको.

वाटसरू

धागा महत्त्वाचा आहे, पण मला एक मुळातलाच प्रश्न पडतो. खुनाच्या तपासात आपण सोशल वर्करला बोलावतो का? दरोड्याच्या? मग मुलावरचा अत्याचार हा गुन्हा नाही का? मला भीती वाटते ती अशी की, सोशल वर्कर मध्ये आले की "कुटुंब टिकवा", "समजुतीने घ्या" सुरू होतं. घराची अब्रू वाचते, मूल तिथेच राहतं. गुन्हा आहे तर पोलिसांनी हाताळावा, सरळ.

निवृत्त_तपासी

वाटसरू, तुमची भीती अगदी निराधार नाही. समजुतीने मिटवलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. पण ती मिटवणारे बहुतेक वेळा नातेवाईक आणि गावकीतले प्रतिष्ठित होते. शिकलेली सोशल वर्कर सहसा त्यांच्या विरुद्ध उभी असायची.

आता खुनाशी तुलना. खुनाच्या तपासात साक्षीदार संध्याकाळी आरोपीच्या घरी जेवायला जात नाही. इथे जातो. आरोपी कित्येकदा घरातला, नात्यातला, रोजच्या येण्याजाण्यातला असतो. मी आरोपी अटक केला, रिमांड घेतला, आणि मुलीची आजी तिला रोज म्हणते आहे, "तुझ्यामुळे काका तुरुंगात गेला". अशा वेळी माझा तपास कितीही पक्का असो, साक्षीच्या दिवशी मुलगी फितूर होणार. आजीला थोपवण्याचं काम माझ्या हवालदाराला जमत नाही, आणि त्याच्याकडे तेवढा वेळही नसतो. त्या घरी रोज जाणारं, आईला धीर देणारं माणूस लागतं.

पोलिसांचं काम काय, ते थोडं तपशिलात सांगतो, कारण लोकांच्या मनात अजून फक्त लॉकअप आणि दंडुका आहे.

फिर्याद आली की गुन्हा नोंदवायचा. "आधी चौकशी करू, मग बघू" हे या गुन्ह्यात चालत नाही. चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. मुलाला संरक्षणाची तातडीची गरज दिसली तर त्याच चोवीस तासांत निवारा किंवा दवाखाना, जे लागेल ते. जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. आरोपी मुलाच्या नजरेला पडता कामा नये. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही, कारण काहीही असो. हे सगळं कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे. कलम २६ सांगतं की आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत हवं, लागेल तर दुभाषा किंवा विशेष शिक्षक हवा.

मग घटनास्थळाचा पंचनामा, कपडे-चादरी जप्त करणं, फोन, सीसीटीव्ही, शाळेचं हजेरीपुस्तक, रिक्षावाल्याचा जबाब. वकिलांच्या उलटतपासणीत मुलाला वाचवतात ते हे बाकीचे पुरावे. मुलाच्या शब्दाला जितका बाहेरून आधार, तितकं त्याच्यावरचं ओझं कमी. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी नेहमी सांगायचो की पोरापाशी दहादा जाऊ नका, दहा ठिकाणी जा.

आणि एक विनंती, अगदी कळकळीची. शिक्षक, नातेवाईक, संस्थांचे कार्यकर्ते, पोलिस येण्याआधी मुलाची "चौकशी" करू नका. त्याने आपणहून सांगितलेलं ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख-वेळ टाका, आणि थांबा. "त्या अमक्याने केलं ना?" असं एकदा विचारलं गेलं की बचावाचा वकील कोर्टात तेच एक वाक्य धरून बसतो.

केतकी_प

मी इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाच्या बालसेवा विभागात सोशल वर्कर आहे. इथली घडी वेगळी आहे, म्हणून लिहिते.

१९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टच्या कलम ४७ प्रमाणे, मुलाला गंभीर इजा होते आहे किंवा होण्याचा धोका आहे अशी रास्त शंका आली की चौकशी करणं हे स्थानिक प्रशासनाचं, म्हणजे आमचं, कर्तव्य आहे. गुन्ह्याचा तपास पोलिसांचा. पण दोघांपैकी कुणीही मुलाच्या दारात जाण्याआधी एक बैठक होते: सोशल वर्कर, पोलिस, आरोग्य खात्याचं कुणी, गरज असेल तर शाळा. कुणाकडे काय माहिती आहे, आज घरी कोण जाणार, आईवडिलांना कधी सांगायचं, मुलाशी कोण बोलणार, वैद्यकीय तपासणी कधी, हे तिथे ठरतं. अनेकदा ही बैठक फोनवर होते. पण ती झाल्याशिवाय पाऊल उचललं तर गडबड होतेच. पोलिसांनी आधी दार ठोठावलं तर मुलाच्या सुरक्षिततेची सोय झालेली नसते. मी आधी गेले तर आरोपीला सुगावा लागतो आणि फोनमधला पुरावा पुसला जातो.

लोकांना वाटतं की सोशल वर्कर येतात आणि मुलं उचलून नेतात. मला तो अधिकार नाही. आईवडील तयार नसतील तर एक तर न्यायालयाचा आदेश लागतो, नाही तर पोलिसांना कलम ४६ खाली मुलाला जास्तीत जास्त ७२ तास संरक्षणात घेता येतं. म्हणजे मुलाला हलवण्याचा तातडीचा अधिकार पोलिसाकडे, पण हलवून ठेवायचं कुठे याची जबाबदारी माझ्याकडे. एकमेकांशिवाय दोघंही पांगळे.

आणि दोघं एकत्र असूनही चुकतात तेव्हा काय होतं, त्याचा दाखला इथला प्रत्येक सोशल वर्कर शिकताना वाचतो. व्हिक्टोरिया क्लिंबिए, आठ वर्षांची, लंडन, फेब्रुवारी २०००. नात्याने आजी लागणारी एक बाई आणि तिचा जोडीदार यांच्या छळाने मेली. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ साली आला. तिला वाचवता आलं असतं अशा किमान बारा संधी त्यात मोजल्या आहेत. ती दवाखान्यात दाखल झाली होती, सोशल वर्करना माहीत होती, पोलिसांच्या बालसंरक्षण पथकालाही माहीत होती. तिला खरूज असल्याचं कळल्यावर सोशल वर्कर आणि पोलिस अधिकारी, दोघींनी संसर्गाच्या भीतीने घरी जायचं टाळलं. प्रत्येकाच्या टेबलावर तिच्या आयुष्याचा एकेक तुकडा होता, आणि ते तुकडे कुणी एकत्र ठेवून पाहिले नाहीत. मी आजही तो भाग शांतपणे वाचू शकत नाही.

अनामिक_आई

मी नेहमीच्या आयडीने लिहीत नाही, समजून घ्या.

उत्तराताईंनी लिहिलेली यादी माझ्या मुलाने पूर्ण केली आहे. एका ठिकाणी तर बाकावर बसलेल्या अनोळखी लोकांसमोर त्याला विचारलं गेलं. आमचा निकाल लागला, शिक्षाही झाली. पण तो आता मला काहीच सांगत नाही, साधं शाळेत काय झालं तेसुद्धा. बोललं की पुन्हा सांगावं लागतं, असं त्याच्या मनात बसलं आहे.

एक बाई मात्र चांगल्या भेटल्या. त्यांनी त्याला घटनेबद्दल कधीच काही विचारलं नाही. कोर्टाची खोली रिकामी असताना नेऊन दाखवली, कोण कुठे बसतं ते सांगितलं, आणि "उत्तर आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं" एवढं शिकवलं. साक्षीच्या दिवशी तो त्यांच्याकडे बघत होता. त्यांचं पद काय होतं ते मला नंतर कळलं.

उत्तरा

अनामिक_आई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. त्याच्या गप्प होण्याबद्दल मी तुम्हाला खासगी निरोप पाठवते आहे.

त्या बाई बहुधा सपोर्ट पर्सन होत्या. इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या कायद्यातली ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी वापरली जाणारी सोय आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती मुलाला तपासात आणि खटल्यात सोबत करण्यासाठी असं माणूस नेमू शकते. समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकास यातलं पदव्युत्तर शिक्षण झालेलं, किंवा पदवीसोबत बालकांच्या क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा अनुभव असलेलं. तपास पुढे काय झाला, तारीख कधी आहे, आरोपीला जामीन मिळाला का, हे कुटुंबाला सांगणं, गोपनीयता पाळणं, आणि मुलाला दवाखाना, ठाणं, कोर्ट या प्रत्येक ठिकाणी एकटं न पडू देणं हे तिचं काम.

घटना काय होती ते विचारणं हे तिचं काम नाही. साक्ष पढवणं तर नाहीच. अनामिक_आईंनी सांगितलेल्या बाईंनी ही रेषा किती नेमकी पाळली ते बघा. आठवत नसेल तर तसं म्हण, हे सांगणं म्हणजे पढवणं नव्हे. चांगल्या मुलाखतीतही मुलाला आधी हेच सांगतात.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सपोर्ट पर्सनच्या नेमणुकांबद्दल राज्यांना निर्देश दिले आणि ही गरज आईवडिलांच्या मर्जीवर सोडू नये असं म्हटलं. तरीही कित्येक पालकांना अशी सोय आहे हे कुणी सांगतच नाही. पोलिसांनी पहिल्या दिवशीच सांगायला हवं.

निवृत्त_तपासी

उत्तराताईंशी सहमत. त्यात एक भर. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम १०७ सांगतं की प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलिस अधिकारी असावा, आणि जिल्ह्याच्या विशेष बाल पोलिस पथकात बालकल्याणाचा अनुभव असलेले दोन समाजकार्यकर्ते असावेत, त्यातली एक महिला. म्हणजे कायद्याने सोशल वर्करला पोलिसांच्या दाराबाहेर उभंच केलेलं नाही, पथकाच्या आत घेतलं आहे. अडचण अशी की पथकातल्या माणसांवर बंदोबस्त, बदल्या, इतर गुन्हे हे सगळं येतं आणि समाजकार्यकर्त्यांच्या जागा कागदावर राहतात.

हे जमत नाही असं मात्र नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या इमारतीत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित सोशल वर्कर रोज पोलिसांच्या शेजारी बसून काम करू लागल्या. तिथलं काम मुख्यतः घरातल्या हिंसेचं, पण दाराशेजारी बसल्याने काय बदलतं ते त्यातून दिसलं. फाइल सरकायला जो वेळ लागतो, तो चार पावलांवर येतो.

सह्याद्रीवारा

मी अमेरिकेत राहतो, बालसंरक्षणाच्या खटल्यांत कायदेशीर काम करतो. वरची चर्चा वाचताना मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते: दोन्ही खाती फार जवळ आली तर?

इथे दोन्हींसाठी पुराव्याची पातळी निराळी आहे. फौजदारी खटल्यात वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावं लागतं. बालसंरक्षण विभागाला तेवढं लागत नाही, अत्याचार झाला असण्याची शक्यता जास्त आहे इतकं पुरतं, काही राज्यांत त्याहूनही कमी. हे योग्यच आहे, मुलाला वाचवायला शंभर टक्के खात्रीची वाट पाहता येत नाही. पण त्यामुळेच दोघांचे निष्कर्ष वेगळे ठेवावे लागतात. सोशल वर्करने "हो, अत्याचार झाला" असा शेरा मारला म्हणून पोलिसांनी डोळे मिटून अटक करू नये. आणि आरोपी निर्दोष सुटला म्हणून मूल सुरक्षित आहे असं सोशल वर्करने धरून चालू नये.

कॅलिफोर्नियातलं मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण अनेकांना माहीत असेल. १९८३ मध्ये आरोप झाले, खटला १९९० पर्यंत चालला, एकालाही शिक्षा झाली नाही. शेकडो मुलांच्या मुलाखती पोलिसांनी नाही, तर मुलांना मदत करणाऱ्या संस्थेतल्या लोकांनी घेतल्या होत्या. "बाकीच्या मुलांनी सांगितलं, तू पण सांग", "तू हुशार आहेस ना?" अशा धाटणीचे प्रश्न होते. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यांनी आधीच ठरवलं होतं की झालं आहे. खरं काय होतं ते मग कुणालाच कळू शकलं नाही. मुलांना मदत करणाऱ्याची माया आणि तपास करणाऱ्याची शंका या दोन्ही गोष्टी हव्यात, पण एकाच प्रश्नात मिसळल्या की असं होतं.

उलटा प्रयोगही झाला. फ्लोरिडातल्या काही काउंटींत बालसंरक्षणाची चौकशी शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिस प्रमुखाच्या, कार्यालयाकडे दिली होती. पुढे ती पुन्हा राज्याच्या विभागाकडे आली.

केतकी_प

सह्याद्रीवारा, पूर्ण सहमत. इंग्लंडमध्ये क्लीव्हलँडला १९८७ साली असंच झालं. काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचाराचं निदान झालं, तेही मुख्यतः एका वैद्यकीय खुणेच्या आधाराने. सोशल वर्करनी मुलं घरातून हलवली, पोलिसांना निदान पटलं नाही, आणि दोन्ही खात्यांचं एकमेकांशी बोलणंच तुटलं. बहुतेक मुलं नंतर घरी परतली. या प्रकरणाच्या चौकशीच्या बटलर-स्लॉस अहवालाने १९८८ मध्ये बजावलं की मूल ही एक व्यक्ती आहे, आपल्या काळजीची वस्तू नव्हे.

तिथे पोलिस आणि सोशल वर्कर जवळ आल्याने नुकसान झालं नव्हतं. ते एकमेकांना प्रश्न विचारेनासे झाले म्हणून झालं. मला माझा पोलिस सहकारी हवा असतो तो माझ्या हो ला हो करायला नाही. "तुला हे कशावरून वाटतं?" असं तो विचारतो म्हणून हवा असतो.

वाटसरू

माझं मत बरंच बदललं आहे, हे मोकळेपणाने लिहितो. पण एक प्रश्न उरतो. मुलाला घरातून का हलवायचं? गुन्हा त्याने केला नाही. बालगृहात ते जातं, शाळा सुटते, भावंडं सुटतात. त्याला हीच शिक्षा वाटणार.

उत्तरा

वाटसरू, या धाग्यातला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि अनेक मुलं हेच विचारतात: "मी सांगितलं म्हणून मला इथे ठेवलं का?"

आरोपी त्याच घरात राहणारा असेल तर पोलिसांनी मुलाला चोवीस तासांत समितीपुढे न्यायचं असतं, आणि मुलाला त्या घरातून हलवण्याची गरज आहे का हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं. त्यासाठी सोशल वर्करची मदत घेता येते. खरं सामाजिक काम त्या तीन दिवसांतलं. आई बाजूने आहे का? आरोपीला अटक झाली आहे का, जामीन मिळाला तर तो कुठे राहणार? आजोळी कुणी आहे का, आणि ते आरोपीच्या पैशावर अवलंबून नाहीत ना? मुलाला काय हवं आहे? आई खंबीर असेल आणि आरोपी बाहेर असेल तर मुलाने स्वतःच्या अंथरुणात झोपावं. बाल न्याय कायदाही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो.

म्हणजे मूल घरी राहू शकेल की नाही हे बऱ्याच अंशी पोलिस आरोपीला किती लवकर दूर करतात यावर ठरतं. आणि घरी राहिलेलं मूल साक्षीपर्यंत टिकेल की नाही हे सोशल वर्कर त्या घरी किती वेळा जाते यावर.

निवृत्त_तपासी

इथे माझा थोडा मतभेद नोंदवतो. आई खंबीर आहे हे पहिल्या तीन दिवसांत कळत नाही. पहिल्या दिवशी वाघिणीसारखी उभी राहिलेली आई, घरात पैसा यायचा बंद झाला आणि सासरच्यांनी बोलणं टाकलं की डळमळते. दोष तिचा नाही, तिचं पोट आहे. म्हणून मी नेहमी हलवण्याच्या बाजूने झुकायचो.

उत्तरा

सर, ती डळमळते पैशामुळे, तर उपाय पैशाचा हवा. मुलाला बालगृहात ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती मदतीची शिफारस करू शकते. हे अर्ज वेळेत कुणी करत नाही, ही खरी अडचण. आपण इथे एकमत होऊ असं वाटत नाही, पण तुम्ही मांडलेला धोका खोटा नाही.

सह्याद्रीवारा

मूळ मुद्द्याकडे, म्हणजे मुलाने एकदाच सांगण्याकडे वळतो. अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये १९८५ साली बड क्रेमर या सरकारी वकिलांनी पहिलं मुलांचं केंद्र उभं केलं. तोवर मूल प्रत्येक खात्याच्या दारात जायचं. त्यांनी ठरवलं की मूल एका घरगुती इमारतीत येईल आणि खाती तिथे येतील. आइसलंडने १९९८ मध्ये बार्नाहूस, म्हणजे मुलांचं घर, काढलं आणि पुढे स्वीडन, नॉर्वे वगैरे देशांनी ते उचललं.

पद्धत अशी. एका शांत खोलीत मूल आणि प्रशिक्षित मुलाखतकार, दोघंच. पोलिस, सोशल वर्कर, सरकारी वकील शेजारच्या खोलीत पडद्यावर बघतात. आइसलंडमध्ये बचावाचा वकीलही तिथे असतो आणि न्यायाधीशांच्या देखरेखीखाली मुलाखत होते. कुणाला काही विचारायचं असेल तर ते मुलाखतकाराकडे जातं, तो मुलाला झेपेल अशा शब्दांत विचारतो. चित्रीकरण होतं. वैद्यकीय तपासणी आणि उपचार त्याच इमारतीत.

प्रश्न विचारण्याची पद्धतही संशोधनातून घडली आहे. आधी मुलाला एखादी साधी आठवण, वाढदिवस वगैरे, सविस्तर सांगायला लावतात, म्हणजे त्याला सांगण्याची सवय होते आणि मुलाखतकाराला त्याची भाषा कळते. मग "तू इथे कशासाठी आलास ते मला सांग", "आणि मग काय झालं?" हो-नाहीचे प्रश्न अगदी शेवटी, लागलेच तर.

केतकी_प

इथेही आम्ही आणि पोलिस मिळून मुलाखत घेतो, एकजण बोलतो, दुसरा बाहेरून बघतो. कोण बोलणार हे खात्यावरून ठरवत नाही, मुलावरून ठरवतो. कधी पोलिस अधिकाऱ्याशी मूल जास्त मोकळं होतं, विशेषतः मोठे मुलगे. ते चित्रीकरण पुढे कोर्टात मुलाची सरतपासणी, म्हणजे उलटतपासणीआधीची मूळ साक्ष, म्हणून दाखवता येतं.

ओवी_समाजकार्य

मी एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची, विद्यार्थिनी आहे, क्षेत्रकार्य बालसंरक्षणात सुरू आहे. सगळा धागा वाचला. दोन शंका आहेत. एक, मूल माझ्याशी विश्वासाने बोललं आणि "कुणाला सांगू नका" म्हणालं तर? दोन, प्रत्येक वेळी पोलिसच का? परवा एका घरी मुलं एकटी, उपाशी होती, आई दोन ठिकाणी कामाला जाते. तिथेही पोलिस न्यायचे का?

उत्तरा

ओवी, दुसरं आधी. नाही. उपासमार गरिबीतून आलेली असेल तर त्या आईला पाळणाघर, शिधा आणि शेजारचा आधार लागतो. तिथे पोलिसांची गाडी गेली तर पुढच्या वेळी ती दार उघडणार नाही. हे पूर्णपणे तुमचं काम, जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या मदतीने. मात्र मुद्दाम उपाशी ठेवणं, मारणं, कोंडणं दिसलं तर तो बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खालचा गुन्हा ठरू शकतो, तेव्हा पोलिस हवेत. हा फरक घरात जाऊन, बसून, बघूनच कळतो. तातडी असेल तेव्हा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच, दिवसरात्र.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की, "कुणालाही सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीही देऊ नका. पाळता येणार नाही. मुलाने बोलायला सुरुवात करण्याआधीच सांगा: "तुला कुणी त्रास देत असेल तर तुला सुरक्षित ठेवायला मला ते काही लोकांना सांगावं लागेल. कुणाला सांगणार ते मी आधी तुला सांगेन." यावर काही मुलं त्या दिवशी गप्प बसतात. पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा तिथे असलात तर बरीचशी बोलतात.

निवृत्त_तपासी

ओवी, पोलिसांच्या बाजूने एक सांगतो. मूल तुमच्याशी बोललं तर आमच्याकडे येताना दोन वेगळे कागद आणा. एकावर मूल जे बोललं ते, त्याच्याच शब्दांत, त्याने अवयवांना जी नावं दिली ती तशीच ठेवून. तुम्ही काय विचारलं होतं तेही त्यात हवं. दुसऱ्यावर तुमचं मत, घरची परिस्थिती, कोणता धोका वाटतो ते. एकाच कागदावर दोन्ही मिसळलं की कोर्टात मुलाचे शब्द कोणते आणि तुमचे कोणते हे सांगता येत नाही. पहिला कागद मला लागतो, दुसरा समितीला. तपास अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर लिहून घ्या, आणि तो विसरला असेल तरी आरोपपत्राची आणि जामिनाच्या सुनावणीची तारीख त्याला विचारत राहा. कुणी चिडलं तरी विचारा.

अनामिक_आई

उत्तराताई, निरोप मिळाला. उद्या फोन करते.

ओवी, तुम्ही ज्या घरांत जाता तिथल्या आईलाही कधी तरी विचारा, तिला झोप लागते का. आम्हाला ते कुणीच विचारलं नव्हतं.